मध्येच निघून जाणारा विद्यार्थी

आयुष्याचा विमा उतरवलेल्या माणसाला 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वीस वर्षांच्या मुदतीची पॉलिसी घेतली, काही वर्षे नेमाने हप्ते भरले, आणि मग घरच्या अडचणीने ती मध्येच मोडण्याची पाळी आली, तर विमा कंपनी जी काही रक्कम पदरात घालते तिचे हे नाव. ती रक्कम भरलेल्या पैशांपेक्षा कमी असते. अगदी आरंभीच मोडली तर पुष्कळदा काहीच हाती लागत नाही. म्हणून शहाणा माणूस सही करण्यापूर्वीच विचारतो, "शेवटपर्यंत गेलो तर काय मिळेल ते कळले, पण मध्येच थांबावे लागले तर काय?"

हा व्यवहारी प्रश्न १९२६ साली एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने ढाक्यात बसून शाळेला विचारला. मायकेल वेस्ट हे त्यांचे नाव. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये १९१२ साली दाखल होऊन ते बंगालात आले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगालमधील द्विभाषिकतेविषयी त्यांनी लिहिलेला 'बायलिंग्वलिझम' हा ग्रंथ भारत सरकारच्या शिक्षणविषयक प्रकाशनांत निघाला. सरकारी अहवाल म्हटला म्हणजे तो कपाटात जाण्यासाठीच जन्मलेला असतो, हे आम्हां नोकरदारांना निराळे सांगायला नको. या अहवालात मात्र एक कल्पना अशी होती की, तिच्यामुळे इंग्रजीच्या वर्गाकडे पाहण्याची दृष्टीच पालटावी. एखाद्या विषयाचा अभ्यासक्रम अर्धवट टाकून जाणाऱ्या मुलाला, तो जितका शिकला तितक्याचा कोणता लाभ होतो, हे पाहून त्या विषयाची व पद्धतीची किंमत करावी, असे वेस्ट यांचे म्हणणे होते. या लाभाला त्यांनी विम्याच्या व्यवहारातून उचललेलेच नाव दिले : सरेंडर व्हॅल्यू.

ही कल्पना जितकी साधी तितकीच ती त्या काळी अपूर्व होती. तिचे अपूर्वत्व कळण्यासाठी इंग्रजीचा वर्ग या देशात कसा उभा राहिला, आणि त्या वर्गात कोणाकडे पाहून शिकवले जात होते, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

कलकत्त्यात हिंदू कॉलेजची स्थापना २० जानेवारी १८१७ रोजी झाली. मेकॉलेचे सुप्रसिद्ध टिपण १८३५ चे. म्हणजे इंग्रजी विद्येची हौस सरकारी हुकमाच्या आधी अठरा वर्षे शहरातील धनिक बंगाली गृहस्थांनीच पुरी करून घेण्यास आरंभ केला होता. या कॉलेजात १८२६ साली हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ नावाचा एक सतरा वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून आला. पोर्तुगीज वंशाचे मिश्र कूळ, जन्म कलकत्त्याचा, शिक्षण डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश गुरूच्या धर्मतल्यातील शाळेत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही दिवस कचेरीत कारकुनी, काही दिवस भागलपुराकडे नातलगाच्या निळीच्या मळ्यावर काम, आणि या साऱ्यात इंग्रजी कविता. असा हा मुलगा आपल्याहून थोड्याच लहान असलेल्या मुलांना इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास शिकवू लागला.

त्याची रीत अशी की, पुस्तकातील मजकूर संपला तेथे त्याचा पाठ सुरू होई. मुलांनी प्रश्न विचारावे, त्यांना उलट प्रश्न यावे, आणि कॉलेज सुटल्यावरही ही चर्चा त्याच्या घरी चालावी. पुढे १८२८ च्या सुमारास त्याने विद्यार्थ्यांना घेऊन 'अकॅडेमिक असोसिएशन' नावाची वादसभा काढली. माणिकतल्यातील एका बागेच्या घरात ही सभा भरे. घड्याळजी असून शिक्षणासाठी आपले सर्वस्व वेचणारे डेव्हिड हेअर तिला येऊन बसत. ईश्वराचे अस्तित्व, मूर्तिपूजा, देशाभिमान, विधिलिखित व पुरुषकार, असे कोणतेही विषय या सभेला वर्ज्य नव्हते. इंग्रजी ही या मुलांना परकी भाषा राहिली नाही. कारण त्यांना काही तरी बोलावयाचे होते आणि ऐकून घेणारा एक माणूस समोर होता.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. मुलांनी जानवी झुगारली, अभक्ष्य भक्षिले, असा शहरात बोभाटा झाला. कॉलेजच्या व्यवस्थापकांनी एप्रिल १८३१ मध्ये डेरोझिओला काढण्याचे ठरवले. आणि तेही त्याला समोर बोलावून एक शब्द न विचारता. त्याने २५ एप्रिल रोजी राजीनामा दिला. व्यवस्थापक मंडळातील एक संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन यांनी मित्रभावाने पत्र लिहून त्याला तीन प्रश्न विचारले : तू ईश्वर नाही असे शिकवतोस काय? आईबापांचा मान ठेवणे हे कर्तव्य नव्हे असे सांगतोस काय? बहीणभावांचा विवाह निर्दोष मानतोस काय? त्याला डेरोझिओने दिलेले उत्तर आज उपलब्ध आहे आणि प्रत्येक शिक्षकाने ते वाचावे असे आहे. ईश्वरासंबंधी ह्यूमने घेतलेल्या शंका आपण मुलांपुढे मांडल्या हे तो लपवीत नाही. परंतु त्या शंकांना रीड आणि ड्युगाल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही आपणच मुलांच्या हाती दिली, हे तो सांगतो. एकच बाजू दाखवून मुलांची मने बंद करणे त्याला पाप वाटत होते.

आईबापांविषयीच्या आरोपाचे उत्तर मात्र आम्हांला त्याहून अधिक हृद्य वाटते. घरी बापाचा जाच असह्य झाला म्हणून त्याचा एक विद्यार्थी घर सोडून निघण्याच्या बेतात होता. त्याला आपण समजावले, आईबापांचे पुष्कळ सोसले पाहिजे असे सांगितले आणि घर सोडण्यापासून परावृत्त केले, असे डेरोझिओ लिहितो. बापाशी उद्धटपणे वागलेल्या दुसऱ्या एकाला त्याने क्षमा मागायला लावली होती. म्हणजे ज्याच्यावर मुले बिघडवल्याचा आरोप होता, त्याच्याजवळ ती मुले आपल्या घरची दुःखे घेऊन येत होती. बावीस वर्षांच्या या शिक्षकाच्या वर्गात व्याकरण किती झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कोणत्या मुलाच्या घरी काय चालले आहे हे त्याला ठाऊक होते, एवढे मात्र कागदावर राहिले आहे.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला पटकीने डेरोझिओचे निधन झाले. कलकत्त्यात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी मंडळींपैकी कित्येकांनी साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत त्याची कबर पाहिली असेल. त्याच्या शिष्यमंडळातून कृष्णमोहन बंदोपाध्याय, रामगोपाल घोष, रसिककृष्ण मल्लिक, प्यारीचांद मित्र निघाले. त्यातूनच पुढे एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित करणारे राधानाथ सिकदार निघाले, आणि एक थोर शिक्षक रामतनु लाहिडी निघाले.

परंतु एक गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे. डेरोझिओच्या वर्गातील मुले शहरातील सुखवस्तू घरांतील, तीक्ष्ण बुद्धीची, इंग्रजीत आधीच मुरलेली होती. त्याच्या ममतेला खोली होती. तिला रुंदी मिळण्याची संधी काळाने दिली नाही. मागच्या बाकावर बसून काहीच न समजता दोन वर्षांत निघून जाणारा मुलगा त्याच्या वर्गात बहुधा नव्हताच. तो मुलगा पुढे आला, आणि फार मोठ्या संख्येने आला.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा केला. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. विद्यापीठाच्या दाराशी इंग्रजीची प्रवेशपरीक्षा उभी राहिली आणि त्या दारातून पुढे सरकारी नोकरीचा रस्ता जाऊ लागला. याचा परिणाम असा झाला की, खेड्यातील शाळेच्या पहिल्या इंग्रजी इयत्तेतील पुस्तकसुद्धा विद्यापीठाकडे तोंड करून लिहिले जाऊ लागले. जो मुलगा तेथवर पोहोचणार तोच खरा विद्यार्थी. इतर सारे वाटेत गळणारे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे आम्ही मराठी माणसे अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु त्या परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्या मुलांनी शाळेतून घरी काय नेले, हे विचारण्याचे आम्हांला सहसा सुचत नाही.

ते ज्यांना सुचले असे एक मराठी नाव येथे घेतलेच पाहिजे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन सादर केले. उच्च शिक्षणावर सरकार मुक्तहस्ताने खर्च करते आणि ज्यांच्या सारापट्टीतून तो पैसा येतो त्या शेतकऱ्याच्या मुलांना अक्षरओळखही होत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांनी दिलेली यादी पाहण्याजोगी आहे : मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे काही पाठ. ही यादी कोणत्याही वरच्या परीक्षेची पायरी म्हणून केलेली नाही. तेवढेच शिकून जो मुलगा शेतावर परत जाईल त्याच्या आयुष्यात ती स्वतःच्या पायांवर उभी राहावी, अशा बेताने ती केलेली आहे. सरेंडर व्हॅल्यू हा शब्द जोतीरावांनी वापरला नाही. पण विषय तोच होता.

बंगालात रवींद्रनाथांनी हीच व्यथा दुसऱ्या बाजूने मांडली. १८९२ च्या 'शिक्षार हेरफेर' या निबंधात, मुलांच्या वाट्याला येणारे इंग्रजी शिक्षण त्यांच्या आयुष्याशी व भाषेशी कसे जुळत नाही आणि त्यात आनंदाला कसा थारा नाही, हे त्यांनी लिहिले. केवळ लिहून ते थांबले नाहीत. १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढल्यावर ते स्वतः मुलांना इंग्रजी शिकवीत, आणि त्यासाठी त्यांनी 'इंग्रेजी सोपान' यांसारखी छोटी पाठ्यपुस्तके लिहिली. एवढ्या मोठ्या कवीने बाळबोध इंग्रजीचे धडे लिहीत बसावे, यात त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्हांला त्या पुस्तकांइतकीच मोलाची वाटते.

आता वेस्ट यांच्याकडे वळू. ढाक्याच्या आसपासच्या शाळा पाहताना त्यांना जे दिसले ते आमच्यापैकी बहुतेकांनी आपापल्या बालपणी भोगले आहे. मास्तर इंग्रजी धड्यातील एक वाक्य वाचतात. त्याचा देशी भाषेत अर्थ सांगतात. मग एक मुलगा उठून ते वाक्य मोठ्याने वाचतो आणि बाकीचे चाळीस जण खिडकीबाहेर पाहतात. मग शब्दार्थ पाठ, व्याकरणाचे नियम पाठ, भाषांतर पाठ. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाचे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण ते उपकार शेवटच्या भागापर्यंत पोहोचलेल्यांवर झाले. चौथ्या इयत्तेत शाळा सोडून दुकानात बसलेल्या मुलापाशी काय उरले? काही क्रियापदांची रूपे आणि शब्दयोगी अव्ययांचा धाक. त्याला इंग्रजी पत्रावरचा मजकूर वाचता येत नव्हता, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नव्हती. चार वर्षांचे हप्ते भरून पॉलिसी मोडली आणि हाती शून्य आले.

वेस्ट यांचा निदानाचा भाग असा. इंग्रजीची जी अंगे आहेत, म्हणजे वाचणे, बोलणे, लिहिणे, त्यांत वाचणे हे सर्वांत लवकर साधते आणि अर्ध्यावर सोडले तरी काही देऊन जाते. दोन वर्षे वाचायला शिकलेला मुलगा दोन वर्षांच्या योग्यतेचे पुस्तक वाचू शकतो, आणि शाळा सुटल्यावरही मास्तरांवाचून एकट्याने पुढे जाऊ शकतो. म्हणून आरंभ वाचनाने करावा, आणि तेही मुकाट्याने, ज्याच्या त्याच्या गतीने, अर्थासाठी केलेल्या वाचनाने.

मग प्रश्न आला की, मुलाने वाचावे काय? प्रचलित वाचनमाला त्यांनी तपासल्या तेव्हा त्यांना दोन दोष आढळले. एक असा की, त्यांत जुनाट, काव्यातले, क्वचितच भेटणारे शब्द भरलेले होते. साध्या 'आयलंड'च्या जागी 'आइल' लिहावे असा तो प्रकार. दुसरा दोष अधिक घातक. नवे शब्द इतक्या दाटीने येत की, एक ओळखीचा होण्यापूर्वीच पुढचे चार अंगावर कोसळत. अशा पानावर मूल वाचत नसते, ठेचकाळत असते. वेस्ट यांनी दुर्मिळ शब्द काढून नेहमीचे घातले, आणि प्रत्येक नव्या शब्दानंतर ओळखीच्या शब्दांचे पुरेसे मोकळे रान ठेवले, जेणेकरून नवा शब्द वारंवार भेटून आपलासा व्हावा. अशा पुस्तकांवर शिकलेल्या बंगाली मुलांची वाचनाची प्रगती त्यांनी मोजून पाहिली आणि तिचे निष्कर्ष अहवालात मांडले. याच कामातून लाँगमन्सची 'न्यू मेथड' वाचनमाला जन्मास आली आणि देशोदेशी गेली.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. ओळीत नवा शब्द किती अंतराने यावा, ही गोष्ट वरवर पाहता छापखान्याच्या हिशेबाची दिसते. तिच्यात करुणा कुठे आली? परंतु विचार करता असे ध्यानात येते की, वर्गातील क्रौर्य पुष्कळदा छडीत नसते. ते पुस्तकात असते. पान समजत नाही, आणि दोष आपल्या बुद्धीचा आहे, असे मुलाला वाटते. वेस्ट यांनी तो दोष मुलाच्या डोक्यावरून उचलून पुस्तकाच्या माथी ठेवला. 'तू मंद आहेस' असे म्हणण्याऐवजी 'हे पान वाईट लिहिले आहे' असे म्हणणारा अधिकारी विरळा. कोमल शब्दांनी मुलाला कुरवाळणे सोपे असते. त्याच्यासाठी बसून शब्द मोजणे कठीण असते. ममतेचे हे दुसरे रूप कोरडे दिसते, पण ते टिकाऊ असते.

याचा अर्थ वेस्ट यांचे सर्वच आम्हांला मान्य आहे असा नव्हे. मातृभाषेला हटवून तेथे इंग्रजी बसवावी असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे खरे. परंतु ज्ञानविज्ञानाची माहिती बंगालीत मिळत नाही म्हणून ती इंग्रजीतून वाचावी, या त्यांच्या भूमिकेत परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याची नजर होतीच. माहिती बंगालीत का नव्हती आणि ती बंगालीत आणण्यासाठी सरकारने काय केले, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही. रवींद्रनाथ ज्या भाषेत लिहीत होते तिच्याविषयी हे वाचताना मराठी वाचकालाही थोडे खुपते.

दुसरा आक्षेप त्यांच्याच क्षेत्रातला. त्याच सुमारास जपानात हॅरल्ड पामर हे बोलण्यापासून आरंभ करणारी पद्धत चालवीत होते. भाषा कानात आणि जिभेवर बसल्यावाचून डोळ्यांत बसत नाही, हे त्या पक्षाचे म्हणणे. ज्याला केवळ वाचता येते आणि बोलता येत नाही, तो साहेबापुढे उभा राहिल्यावर मुकाच राहणार. दोघांत मतभेद असूनही १९३४ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत ते एकत्र बसले, आणि तेथील विचारविनिमयातून १९३६ चा शब्दनिवडीसंबंधीचा अहवाल निघाला. वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' ही त्याच कामाची परिणती. जगात अनेक ठिकाणी इंग्रजीची प्राथमिक पुस्तके पुढे कित्येक वर्षे या यादीकडे पाहून लिहिली गेली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आम्हीच घेऊ इच्छितो. मध्येच निघून जाणाऱ्या मुलाचा विचार करता करता, तो निघूनच जाणार, असे गृहीत धरण्याची सवय जडते. गरिबाच्या मुलाला एवढे पुरे, त्याला दोन हजार शब्द पुरे, काव्य आणि तत्त्वज्ञान धनिकाच्या मुलांना, अशी वाटणी करुणेच्या नावाखाली होऊ शकते. कुंपण बांधणाराही कधीकधी म्हणतो की, मी तुझ्या रक्षणासाठीच बांधतो आहे. जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती शेतकऱ्याच्या मुलाने तेथेच थांबावे म्हणून नव्हे, हे विसरता कामा नये. डेरोझिओने सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे ह्यूम ठेवला, तो त्यांना पेलेल असा विश्वास धरून. हा विश्वास म्हणजेही ममताच.

तेव्हा या दोन शिक्षकांपैकी एकाला निवडावे असा हा प्रश्न नाही. डेरोझिओने मुलाला विचारले, "तुला काय वाटते?" वेस्ट यांनी विचारले, "तुला येथवर काय मिळाले?" पहिल्या प्रश्नावाचून दुसरा प्रश्न शिधावाटप होतो, दुसऱ्यावाचून पहिला मूठभरांची मैफल होते. दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट समान आहे. विचारणारा आपल्या शिकवण्याकडे पाहत नाही, समोरच्या मुलाकडे पाहतो.

वेस्ट यांनी हिंदुस्थान सोडल्यावर कित्येक वर्षांनी, १९६० साली, 'बिकट परिस्थितीत इंग्रजी शिकवणे' अशा अर्थाच्या नावाचे एक लहान पुस्तक लिहिले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. त्यात त्यांनी ज्या वर्गाचे चित्र काढले आहे ते आपल्यापैकी कोणालाही ओळखता येईल. चाळीस-पन्नास मुले बाकांवर दाटीवाटीने बसलेली, एकाची तयारी एक तर दुसऱ्याची भलतीच, मास्तरांनाही इंग्रजी फारसे सफाईने येत नाही, आणि वर उन्हाळा. पंचावन्न मिनिटांचा तास नाही की यंत्रसामग्री नाही. अशा वर्गाला उपदेश करणारे पुष्कळ. त्याच्यासाठी पुस्तक लिहिणारा एखादाच.

त्या पुस्तकातील एक युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलाने पुस्तकातील वाक्याचा एक तुकडा मनात वाचावा. मग मान वर करून, समोरच्या सोबत्याच्या डोळ्यांकडे पाहत तो त्याला सांगावा. मग पुन्हा पुस्तकात पाहावे. बस, एवढीच युक्ती. हिला ना फळा लागतो, ना पैसा. पण गणित करून पाहा. चाळीस मिनिटांच्या तासात चाळीस मुले एकामागून एक बोलली आणि मास्तर अगदी मुके बसले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. जोड्या करून मुले एकमेकांशी बोलू लागली की, त्याच तासात प्रत्येकाला वीस मिनिटे मिळतात. आणि गणिताच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे. वाक्य कागदाकडे पाहून म्हटले तर ते पाठांतर. माणसाकडे पाहून म्हटले की ते बोलणे होते. ज्या वेस्ट यांच्यावर बोलणे विसरल्याचा आक्षेप होता, त्यांनी म्हातारपणी हा मार्ग दाखवावा, यात आम्हांला एका प्रामाणिक शिक्षकाचे दर्शन होते. ते १९७३ साली निवर्तले.

हा सर्व इतिहास परप्रांतात राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांपुढे आज का मांडावा? कारण मध्येच निघून जाणारा विद्यार्थी आमच्याच घरी आहे. आम्ही शाळा सोडवीत नाही, पण शाळा बदलतो. बदलीचा हुकूम शाळेचे वर्ष पाहून निघत नसतो. जबलपुरात अर्धे झालेले पुस्तक कटकमध्ये निरुपयोगी होते. तेथे नुकतीच ओळख झालेली ओडिया लिपी सहारनपुरात कोणी विचारीत नाही. आणि मराठीचे तर कोणत्याच वेळापत्रकात स्थान नसते. ही अडचण ओळखूनच १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, आणि गावोगावी एकच अभ्यासक्रम मिळू लागल्याने पुष्कळ कुटुंबांचा भार हलका झाला. पण पुस्तक एक झाले म्हणून वर्ग एक होत नाही. नव्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला कोणी तरी "तू येथवर काय घेऊन आलास?" असे विचारावे लागते, आणि हा प्रश्न अभ्यासक्रमात छापता येत नाही.

शिक्षकाने तो विचारावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु आम्ही आईबाप तरी तो विचारतो काय? सायंकाळी कचेरीतून आल्यावर आमचे प्रश्न ठरलेले : किती गुण मिळाले, कितवा नंबर, धडा कुठवर आला. हे सारे मुदत पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या रकमेचे प्रश्न आहेत. आज जे शिकलास त्यातले उद्या ही शाळा सुटली तरी तुझ्यापाशी काय राहील, हे आम्ही विचारीत नाही. कदाचित उत्तराची भीती वाटते म्हणून विचारीत नसू.

प्रत्येक गाव सोडताना सामानाची यादी करण्याची आम्हां बदलीवाल्यांना सवय असते. ट्रंका किती, पेट्या किती, काचसामान कोणत्या खोक्यात, हे सारे वहीत टिपलेले असते. त्याच रात्री मुलाला जवळ बसवून त्याची एक यादी करावी : या गावात कोणते पुस्तक आवडले, कोणते गाणे पाठ झाले, शेजारच्या भाषेतले किती शब्द आले, कोणत्या मास्तरांनी नावाने हाक मारली. ती यादी मोठी निघाली तर त्या गावच्या शाळेचे आभार मानून गाडीत बसावे. लहान निघाली तर दोष मुलाला देऊ नये. पुढच्या गावी पोहोचल्यावर, पेट्या उघडण्यापूर्वी, त्याच्या नव्या मास्तरांना एकदा भेटून यावे.